रक्ताची आठवण

१९८९ सालच्या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून बघा.

पहिली १४ फेब्रुवारीची. गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं. तो नियमित रक्तदान करायचा. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी झाली होती आणि त्यात एचआयव्हीचा संसर्ग आढळला होता. त्याला समोर बसवून हे कुणी समजावून सांगितलं नाही. पहारा लावून थेट एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात नेऊन ठेवलं. तिथे तो ६४ दिवस होता. त्याच्या आईने, ल्युसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. डॉमिनिक बाहेर आला, पण अशा माणसांना वेगळं ठेवण्याची मुभा देणारं कायद्यातलं कलम न्यायालयाने वैध ठरवलं.

दुसरी घटना २१ एप्रिलची, म्हणजे डॉमिनिक सुटला त्याच सुमारासची. अमेरिकेतल्या 'सायन्स' या नियतकालिकात एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकात एका नव्या विषाणूची ओळख होती, दुसऱ्यात तो विषाणू रक्तात येऊन गेलाय का हे शोधायची तपासणी. विषाणूचं नाव पडलं हेपॅटायटिस सी.

एका घटनेतून तपासणी मिळाली. दुसरीतून तपासणीची भीती मिळाली. पुढच्या तीसेक वर्षांत तपासणी स्वस्त झाली, औषध आलं, ते फुकट मिळायला लागलं. भीती मात्र होती तिथेच आहे. ती इतकी चिवट का आहे, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

पिवळं न दिसणारी कावीळ

मराठीत या आजाराची पहिली अडचण नावापासून सुरू होते. आपल्याकडे यकृताचा आजार म्हणजे कावीळ. डोळे पिवळे, लघवी पिवळी, तोंडाला चव नाही. मग तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. कुणीतरी गळ्यात काविळीची माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवतं' आणि पाणी पिवळं झालं की घरच्यांना हायसं वाटतं. तीन-चार आठवड्यांत माणूस बरा होतो आणि श्रेय माळेला मिळतं.

माळेला श्रेय मिळतं, कारण ही कावीळ बहुतेक वेळा हेपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. हे दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून येतात आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातात. बी आणि सी यांची जात वेगळी. ते रक्तातून येतात आणि मुक्काम ठोकू शकतात. त्यातही सीचं वागणं फार शांत. बहुतेकांना संसर्ग झाल्याचं कळतही नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही, माणूस रोज ८.१२ ची लोकल पकडून कामाला जातो. यकृतावर मात्र हळूहळू व्रण साठत जातात. मुक्काम ठोकलेल्या संसर्गात वीस वर्षांत १५ ते ३० टक्के लोकांना सिरॉसिस होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळे पिवळे होतात ते तेव्हा, म्हणजे खूप उशिरा.

थोडक्यात, हा आजार लक्षणांवरून सापडत नाही. तो तपासणीनेच सापडतो.

नकारात्मक नावाचा विषाणू

१९७०च्या दशकात ए आणि बी या दोन्हींच्या तपासण्या उपलब्ध झाल्या, तेव्हा डॉक्टरांना वाटलं की रक्त चढवल्यावर होणाऱ्या काविळीचा प्रश्न सुटला. अमेरिकेत हार्वी ऑल्टर यांच्या गटाने जपून ठेवलेले रुग्णांचे रक्तनमुने तपासले, तर बरेचसे ना ए निघाले ना बी. मग आजाराचं नावच पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. काय नाही एवढंच सांगणारं नाव.

याच काळात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतही जुने नमुने बाहेर काढले गेले. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पाण्यातून काविळीची प्रचंड मोठी साथ आली होती. खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी अमेरिकी संशोधकांबरोबर केलेल्या कामातून १९८० साली दाखवून देऊ शकले की भारतातल्या अशा साथीही ए किंवा बीच्या नव्हत्या. तो पाण्यातून येणारा विषाणू पुढे ई म्हणून ओळखला गेला. रक्तातून येणारा सापडायला आणखी नऊ वर्षं लागली. मायकेल हाउटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी विषाणू डोळ्यांनी न बघताच त्याच्या जनुकांचा तुकडा शोधून काढला. २०२० चं नोबेल ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे जपून ठेवलेलं रक्त. माणूस विसरतो, कागद हरवतात, रक्तात मात्र नोंद राहते.

मुंबईच्या बाटल्या

आता मुंबईत येऊ. १९८२ च्या जुलैमध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले आणि त्यांना ब्रीच कँडी रुग्णालयात आणलं गेलं. ही गोष्ट आपल्या आई-बाबांच्या पिढीला तोंडपाठ आहे: लोकांचे नवस, रुग्णालयाबाहेरची गर्दी. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. बच्चन यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलंय की त्यांना सुमारे २०० दात्यांचं रक्त, ६० बाटल्या, चढवण्यात आलं आणि त्यातल्या एकातून हेपॅटायटिस बी आला. अनेक वर्षं त्यांना पत्ता नव्हता. नेहमीच्या तपासणीत कळलं तोवर ७५ टक्के यकृत निकामी झालं होतं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना दक्षिण-पूर्व आशियासाठी हेपॅटायटिसविषयीचे सदिच्छादूत केलं. त्यांचा विषाणू बी होता, सी नाही. पण रस्ता तोच: रक्ताची बाटली आणि मधली बिनलक्षणांची वर्षं.

त्या काळात रक्त कुठून यायचं? बऱ्याचदा पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून. गरजेपोटी पुन्हा पुन्हा रक्त विकणाऱ्या माणसांत संसर्गाचं प्रमाण जास्त असणं साहजिक होतं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. दान केलेल्या प्रत्येक बाटलीची हेपॅटायटिस सीसाठी तपासणी देशात सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. म्हणजे विषाणू सापडल्यानंतरही बारा-तेरा वर्षं रक्तपेढ्यांतून तो न तपासलेलं रक्त जात राहू शकत होतं.

उपनगरांत याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती थॅलेसेमियाच्या मुलांनी. सिंधी, लोहाणा, कच्छी अशा समाजांमध्ये या आजाराचे वाहक तुलनेने जास्त, आणि मुलुंड-घाटकोपरमध्ये हे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. वर्षाला वीस-पंचवीस बाटल्या, म्हणजे वीस-पंचवीस अनोळखी माणसांशी रक्ताचं नातं. देशातल्या अनेक अभ्यासांत या मुलांमध्ये हेपॅटायटिस सीचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. आज बोरिवलीत महापालिकेचं थॅलेसेमियासाठी आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी वेगळं केंद्र आहे. तिथे येणाऱ्या कुटुंबांसाठी रक्ततपासणी हा भीतीचा विषय राहिलेला नाही. ती त्यांच्या महिन्याच्या वेळापत्रकात असते, शाळेच्या फीसारखी.

भीती उरते ती आपल्यासारख्यांना. ज्यांच्या आयुष्यात रक्ताची बाटली एकदाच आली आणि नंतर विसरली गेली.

"आता कशाला उकरून काढायचं?"

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण माझी आई. मी १९९७ च्या पावसाळ्यात मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये जन्मलो. बाळंतपणात तिला खूप रक्तस्राव झाला आणि दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. ही गोष्ट आमच्या घरी दर वाढदिवसाला सांगितली जाते. मामा कसा भर पावसात सायनपर्यंत गेला, बदली म्हणून स्वतःचं रक्त दिलं आणि बर्फाच्या डब्यातून बाटल्या घेऊन आला, अशी ती मामाच्या शौर्याची गोष्ट आहे. मी तारखा जुळवल्या. रक्तविक्री बंद झाली १९९८ मध्ये, सीची तपासणी सक्तीची झाली २००१-०२ मध्ये. आमच्या दोन बाटल्या या दोन्हींच्या आधीच्या.

आईला म्हटलं, एकदा तपासून घेऊ. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं झाली, मला काही होतंय का? आता कशाला उकरून काढायचं?"

मग दोन दिवसांनी स्वतःहूनच म्हणाली, "समज, निघालं काहीतरी. मग? माझ्याकडे सोळा मुलं शिकवणीला येतात. त्यांच्या आयांना कळलं तर पाठवतील? आणि तुझ्यासाठी स्थळं बघतोय आम्ही."

तिने सुईचं नाव काढलं नाही. यकृताचंही नाही, मरणाचंही नाही. तिची भीती निकालाच्या कागदानंतर काय होतं याची होती. आणि ती तिने कुठून तरी ऐकलेली नव्हती. या शहराने ती भीती प्रत्यक्ष जगून पाहिली आहे.

भीतीचा इतिहास

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी सापडला की त्याला रुग्णालयात, घरच्यांना छावणीत, सामान जाळायला. लोक रोगी लपवू लागले, शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. हेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. लोकांना प्लेगचं भय होतंच, पण सापडण्याचं भय त्याहून मोठं होतं.

जवळजवळ शंभर वर्षांनी डॉमिनिकच्या बाबतीत तेच झालं. तपासणी त्याच्या नकळत, निकाल पोलिसांच्या हाती, आणि उपचार म्हणजे कुलूप. बाहेर आल्यावर तो गप्प बसला नाही. एचआयव्हीग्रस्तांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था त्याने उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचं निधन झालं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ एचआयव्ही आहे म्हणून, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही. म्हणजे त्या निकालापर्यंत नोकरी नाकारली जात होती. आईच्या वयाच्या लोकांनी ऐन तारुण्यात 'रक्त तपासलं आणि आयुष्य संपलं' अशा गोष्टी ऐकल्या. त्यात बी, सी, एचआयव्ही असा फरक कुणी केला नाही. रक्तातला आजार म्हणजे बदनामीचा आजार, एवढंच लक्षात राहिलं.

आणि खरं सांगायचं तर हेपॅटायटिस सीच्या बाबतीत वैद्यकशास्त्राकडेही फार आशादायक उत्तर नव्हतं. २०१४ पर्यंत मुख्य उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, सहा महिने ते एक वर्ष. अंगात सततची कणकण, केस गळणं, रक्त कमी होणं, नैराश्य. खर्च लाखांत. एवढं करूनही बऱ्याच जणांमध्ये विषाणू टिकून राहायचा. अशा वेळी 'कशाला तपासायचं' हा प्रश्न वेडगळ नव्हता. निकालाचं करायचं काय, हेच माहीत नसेल तर माणूस निकाल का मागेल?

म्हणून मला घाबरणाऱ्यांना अडाणी म्हणणं पटत नाही. त्यांच्या भीतीला पुरावे होते. प्रश्न इतकाच की ते पुरावे कोणत्या सालचे आहेत.

८४,००० डॉलर ते शून्य रुपये

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसब्युव्हिर या गोळीला मान्यता मिळाली. दिवसाला एक गोळी, बारा आठवडे. किंमत एका गोळीला १,००० डॉलर, पूर्ण कोर्सला ८४,००० डॉलर. रोग बरा करणारं औषध सापडलं होतं आणि ते जगातल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होतं.

भारतात या औषधाच्या पेटंटला रुग्णांच्या संघटनांनी आक्षेप घेतले. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना हे औषध बनवायचे परवाने दिले. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटकोने आपली गोळी बाजारात आणली, मुंबईच्या सिप्लासह इतरही आल्या. २८ गोळ्यांची बाटली सुरुवातीला सुमारे २०,००० रुपयांची होती, आणि स्पर्धेमुळे भाव उतरत गेला. सोबत डॅक्लाटास्व्हिरसारखी दुसरी गोळी आली. दोन्ही मिळून बरे होण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं. इथे 'बरे' याचा अर्थ विषाणू शरीरातून कायमचा गेला असा आहे, नुसता ताब्यात राहिला असा नाही. असं एचआयव्हीत अजून होत नाही, बीमध्येही क्वचितच.

२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली सरकारी केंद्रांत हेपॅटायटिस सीची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. पाच वर्षांपेक्षा कमी काळात ८४,००० डॉलरवरून शून्य रुपयांवर. औषधांच्या इतिहासात अशी घसरण फारशी सापडत नाही.

मी आईला हे सगळं एका रविवारी सांगितलं, साल आणि किमतींसकट. तिने शेवटी एकच विचारलं, "कागद कुणाकडे जातो?" म्हटलं, "तुझ्याकडे. मलाही तू दाखवलास तरच." मग ती उठली आणि म्हणाली, "उद्या शिकवणी पाचला आहे. त्याआधी जाऊन येऊ."

दोन तपासण्या

पहिली तपासणी अँटीबॉडीची असते. शरीराने कधी या विषाणूशी सामना केला होता का, एवढंच ती सांगते. आईची रिअ‍ॅक्टिव्ह आली. त्या संध्याकाळी ती शिकवणीला बसली, पण पाढे कुणी चुकलं तरी ओरडली नाही.

इथेच बरेच लोक थांबतात. हा कागद हाच शेवटचा निकाल समजून तो कपाटात, साड्यांच्या खाली जातो. पण संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत, औषधाशिवायच निघून जातो. अँटीबॉडी मात्र अनेक वर्षं मागे राहतात. म्हणून दुसरी तपासणी, आरएनएची. विषाणू आत्ता रक्तात आहे का, हे ती सांगते. पहिली इतिहास सांगते, दुसरी वर्तमान.

दुसऱ्या तपासणीचा निकाल यायला चार दिवस लागले. विषाणू आढळला नाही. डॉक्टर म्हणाल्या, "बहुधा कधीतरी येऊन गेलाय. क्वचित पहिली तपासणी चुकूनही रिअ‍ॅक्टिव्ह येते. काहीही असलं तरी आज तुम्हाला हा आजार नाही." आईने विचारलं, "आणि असता तर?" डॉक्टर म्हणाल्या, "तर बारा आठवडे गोळ्या घेतल्या असत्या आणि शिकवण्या चालूच ठेवल्या असत्या. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, वहीला हात लावल्याने हा पसरत नाही."

मला वाटतं, या शहराच्या भीतीचंही अँटीबॉडीसारखंच झालंय. आजाराचं स्वरूप बदललं, औषध आलं, पण जुन्या लढाईची खूण रक्तात फिरते आहे आणि आपण तिलाच आजचा आजार समजतो आहोत. ती खूण खोटी नाही. तिची दुसरी तपासणी करायची राहून गेली आहे, एवढंच.

एका देशाने काय केलं

इजिप्तची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. तिथे १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत सरकारने एका परजीवी रोगाविरुद्ध इंजेक्शनांची मोहीम चालवली. काचेच्या सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि लोकांच्या भल्यासाठीच्या मोहिमेतून हेपॅटायटिस सी घरोघर पोहोचला. जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक तिथे नोंदवलं गेलं. त्याच इजिप्तने ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत जवळपास ५ कोटी प्रौढांची तपासणी केली, आणि ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना मोफत औषध दिलं. ज्या सुईने विश्वास घालवला, तिच्यापुढे लोकांनी पुन्हा बोट धरलं, कारण या वेळी निकालाच्या पुढे कुलूप नव्हतं, गोळी होती. सगळेच रांगेत उभे असल्याने कुणाकडे बोट दाखवायलाही कुणी उरलं नाही.

भारतात २०२२ मध्ये सुमारे ५५ लाख लोकांना हेपॅटायटिस सी होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना ते माहीत नाही. त्यात पूर्वी रक्त चढवलेले आहेत, डायलिसिसवरचे आहेत, उकळून घेतलेल्या काचेच्या सिरिंजने इंजेक्शन घेतलेले आहेत, जत्रेत गोंदवून घेतलेले आहेत, नशेची सुई कधीकाळी वाटून घेतलेलेही आहेत. कुणाला कसा झाला याची चौकशी उपचाराला लागत नाही. गोळ्या सगळ्यांसाठी सारख्याच.

हे वाचणाऱ्या बहुतेकांचं वय असं आहे की स्वतःच्या रक्ताची बाटली आठवणार नाही. पण घरात कुणाला तरी आठवेल. आज जेवताना विचारून बघा: २००२ च्या आधी कुणाला रक्त चढवलं होतं का? बाळंतपण, अपघात, ऑपरेशन? उत्तर 'हो' आलं तर 'अँटी-एचसीव्ही' हे नाव लक्षात ठेवा, आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह आली तर आरएनएपर्यंत जा, मध्ये थांबू नका. समोरचा माणूस "आता कशाला" म्हणाला तर त्याला हसू नका. त्याची भीती कुठल्या सालची आहे ते विचारा, आणि मग पुढची सालं सांगा.